छोट्या व्यवसायाच्या बाजाराचा कल कसा वाचावा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज कसा बांधावा

एखादा उद्योग दरवर्षी अमुक टक्क्यांनी वाढतो आहे, एवढ्या माहितीवर दुकान, वर्कशॉप किंवा सेवा चालवणाऱ्याचे काही ठरत नाही. ती वाढ कोणत्या मालात आहे, तिचे वाटेकरी किती आहेत आणि खर्च भागवून हातात किती उरते, हे त्या टक्क्यात दिसत नाही. वाढत्या उद्योगात दुकाने बंद पडतात, आणि आक्रसत चाललेल्या धंद्यात शेवटपर्यंत टिकलेले दोन-तीन जण चांगले कमावतात. म्हणून अंदाज बांधताना चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: स्वतःच्या विक्रीचा कल, बाहेरच्या मागणीच्या खुणा, आपल्या टापूतली स्पर्धा आणि खर्चाची रचना. त्यासाठी मागच्या ३६ महिन्यांची बिले, एक साधी स्प्रेडशीट आणि तीन-चार निवांत संध्याकाळी पुरतात.

अहवालातला टक्का आधी तपासा

सरासरी वार्षिक वाढीचा दर बहुतेक वेळा फसवतो तो सुरुवातीच्या वर्षामुळे. समजा एखाद्या धंद्याची उलाढाल १०० होती, ती एका वाईट वर्षात ६० वर आली आणि पुढच्या तीन वर्षांत परत १०० झाली. ६० पासून मोजले तर वाढीचा दर वर्षाला १८.६ टक्के निघतो. प्रत्यक्षात धंदा होता तिथेच परत आला आहे. २०२० पासून सुरू होणारा कोणताही वाढीचा आकडा समोर आला, तर तोच हिशेब २०१९ पासून करून पाहावा. पुष्कळदा चित्र पार बदलते.

वाढ रकमेत मोजली आहे की नगात, हेही विचारावे. भाव दहा टक्के वाढले आणि उलाढाल आठ टक्के वाढली, तर १.०८ भागिले १.१० म्हणजे ०.९८२, अर्थात नगांची विक्री जवळपास दोन टक्के घटलेली असते. आणि अहवाल कोणी काढला आहे? यंत्रे विकणारा, फ्रँचायझी विकणारा किंवा प्रशिक्षणवर्ग चालवणारा त्या धंद्याचे भविष्य काळे रंगवणार नाही. त्याचा आकडा खोटाच असेल असे नाही, पण त्यात बंद पडलेल्यांची मोजदाद क्वचितच असते.

आपला धंदा नेमका कोणता, ते लिहून काढा

"छपाई" हा एक धंदा नाही. पावतीपुस्तके, लेटरहेड, फॉर्म हे काम संगणकावरच्या बिलांनी खाल्ले. डब्यांवरची लेबले, छोट्या संख्येतली खोकी आणि दुकानांचे फलक यांची मागणी मात्र वेगळ्या कारणांनी चालते, कारण माल विकायचा तर त्याला आवरण लागतेच. दोन्ही कामे एकाच यंत्रावर होत असली तरी त्यांचे भविष्य वेगळे आहे. म्हणून विक्रीचे चार ते सहा गट पाडा. ग्राहक कोणत्या कामासाठी येतो यावर गट पडले पाहिजेत. मालाची आपली सोयीची यादी इथे उपयोगाची नाही.

सरकारी आकडेवारी शोधायची असेल तर आपल्या धंद्याचा वर्गीकरण क्रमांक माहीत असावा. संयुक्त राष्ट्रांचे उद्योग वर्गीकरण १९४८ पासून वापरात आहे आणि बहुतेक देशांची स्वतःची वर्गीकरणे त्याच्याशी जुळवलेली असतात. मालाच्या आयात-निर्यातीसाठी जागतिक सीमाशुल्क संघटनेची मालाला क्रमांक देणारी सुसंवादी प्रणाली (एचएस कोड) १९८८ पासून चालते. तिचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात. आपल्या कच्च्या मालाचा किंवा आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या तयार मालाचा सहा अंकी क्रमांक सापडला, की त्याची आयात वाढते आहे का आणि किलोमागे भाव पडतो आहे का, हे पाहता येते. एक काळजी घ्यावी: ही यादी साधारण पाच वर्षांनी सुधारली जाते, शेवटची सुधारणा २०२२ ची. त्या वर्षी आकडा एकदम उडाला किंवा कोसळला, तर माल बहुधा एका खान्यातून दुसऱ्या खान्यात गेलेला असतो.

बिलांमधून कल काढणे

सगळ्यात भरवशाची माहिती आपल्या गल्ल्यातच असते, फक्त ती कच्च्या स्वरूपात पडलेली असते. प्रत्येक महिन्यासाठी चार रकाने करा: ग्राहकसंख्या, व्यवहारांची संख्या, नग किंवा कामाचे तास, आणि रक्कम. जिथे ग्राहकाचे नाव नोंदवले जात नाही तिथे व्यवहारांची संख्या तरी हवीच. मग रक्कम कशामुळे हलली ते कळते: माणसे वाढली, तीच माणसे जास्त वेळा आली, एका खेपेला जास्त घेतले, की नुसता भाव वाढला. यातली भाववाढ सर्वांत आधी वेगळी काढायची. तिच्याखाली घटती विक्री वर्षानुवर्षे दडून राहते.

यानंतर हंगाम बाजूला काढावा लागतो. मार्च महिन्याची तीन वर्षांची सरासरी १३० असेल आणि सगळ्या महिन्यांची सरासरी १०० असेल, तर मार्चचा हंगामी गुणांक १.३०. या वर्षीच्या मार्चमध्ये १२० ची विक्री झाली, तर १२० भागिले १.३० म्हणजे ९२.३. वर्षातला सगळ्यात मोठा महिना म्हणून मालक खूश असतो आणि धंदा सरासरीखाली गेलेला असतो. बाराही महिन्यांचे गुणांक काढून ठेवा आणि वर्षातून एकदाच बदला.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे वारांची. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच-पाचदा येतात. तुमची विक्री शनिवारवर टेकलेली असेल, तर चारऐवजी पाच शनिवार आल्याने शनिवारची विक्री एकट्या पंचांगामुळे २५ टक्के वाढते. दुसरी चूक सरकत्या तारखांच्या सणांची आणि सुट्ट्यांची. सण एका वर्षी एका महिन्यात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात पडला, तर त्या दोन महिन्यांची बेरीज करून तुलना करावी. एकेक महिना वेगळा पाहिला तर एकदा तेजी आणि एकदा मंदी असे दोन खोटे निष्कर्ष निघतात.

हे झाल्यावर दोनच आकडे दर महिन्याला काढायचे.

पहिला: गेल्या १२ महिन्यांची बेरीज, त्याआधीच्या १२ महिन्यांच्या बेरजेशी तुलना करून.
दुसरा: गेल्या ३ महिन्यांची बेरीज, मागच्या वर्षीच्या त्याच ३ महिन्यांच्या बेरजेशी तुलना करून.

बारा महिन्यांचा दर ९ टक्के वाढ दाखवत असेल आणि तीन महिन्यांचा ३ टक्के, तर धंदा अजून वाढतो आहे, पण वेग ओसरतो आहे. तीन महिन्यांचा दर बारा महिन्यांच्या दराखाली सलग तीन-चार महिने राहिला, तर नवे यंत्र, नवी माणसे आणि मोठा साठा यांचे निर्णय थांबवावेत. उलट दिशेनेही तसेच: वार्षिक आकडा अजून उणे असताना तीन महिन्यांचा दर वर निघाला, तर तळ मागे पडल्याची ती पहिली खूण असते. नुसती बारा महिन्यांची बेरीज पाहणाऱ्याला हे वळण कित्येक महिने उशिरा कळते. फक्त महिन्याला दहा-वीसच मोठी कामे होणाऱ्या धंद्यात, उदाहरणार्थ फर्निचर किंवा अंतर्गत सजावट, तीन महिन्यांचा दर फार उड्या मारतो. तिथे विक्रीऐवजी आलेल्या चौकशा आणि दिलेली दरपत्रके मोजा. चौकशी विक्रीच्या आधी येते, म्हणून ती आधी बोलते.

बाहेरच्या खुणा आणि त्यांचे सापळे

लोक गुगलवर काय शोधतात त्याचा कल दाखवणारे गुगल ट्रेंड्स फुकट आहे आणि त्यात २००४ पासूनची माहिती मिळते. पण त्यातला आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातला आणि प्रदेशातला सर्वोच्च बिंदू १०० धरून बाकीचे बिंदू त्याच्या प्रमाणात दाखवले जातात, आणि तेही एकूण शोधांमधला वाटा म्हणून. त्यामुळे आलेख खाली गेला म्हणजे शोध घटलेच, असे म्हणता येत नाही. पाच वर्षांचा काळ निवडला की साप्ताहिक आकडे मिळतात आणि हंगामही दिसतो. शब्दाऐवजी विषय निवडावा, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे आणि वेगवेगळ्या भाषा एकत्र मोजल्या जातात. छोट्या गावापुरता शोध घेतला तर आकडे शून्य आणि शंभर यांत नाचतात. अशा वेळी प्रदेश मोठा करावा. एखाद्या बातमीने उठलेला टोकदार उंचवटा मोजणीतून वगळावा.

खरेदी व्यवस्थापकांचा निर्देशांक, म्हणजे पीएमआय, बातम्यांत दर महिन्याला येतो. तो कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून असा बनतो: परिस्थिती सुधारली म्हणणाऱ्यांचे टक्के अधिक "तशीच आहे" म्हणणाऱ्यांच्या टक्क्यांचा अर्धा भाग. ३० टक्के सुधारली म्हणाले, ५० टक्के तशीच, २० टक्के बिघडली, तर ३० अधिक २५ म्हणजे ५५. पन्नासच्या वर म्हणजे मागच्या महिन्यापेक्षा वाढ, एवढाच त्याचा अर्थ. निर्देशांक ५८ वरून ५४ वर आला तर बातमीत "घसरण" छापून येते, पण वाढ चालूच असते. तुमचे ग्राहक कारखाने असतील तरच या आकड्याकडे नेमाने पाहा. केशकर्तनालयाला त्याचा उपयोग नाही.

पुरवठादाराच्या बोलण्यावर फार विसंबू नये, यामागे पक्के कारण आहे. एक दुकानदार आठवड्याला १०० नग विकतो आणि दोन आठवड्यांचा, म्हणजे २०० नगांचा साठा ठेवतो. विक्री ११० झाली. आता त्याला साठा २२० हवा, म्हणून तो विकलेले ११० आणि वरचे २०, असे १३० नग मागवतो. विक्री १० टक्के वाढली आणि मागणी ३० टक्के. घाऊक व्यापाऱ्याने हाच हिशेब पुढे नेला की कारखान्यापर्यंत तो आणखी फुगतो. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ जे फॉरेस्टर (Jay Forrester) यांनी १९६१ मध्ये ही यंत्रणा सविस्तर मांडली. मागणी थंडावली की हीच साखळी उलटी फिरते. पुरवठादार प्रामाणिकपणे "मालाला प्रचंड उठाव आहे" म्हणत असतो, कारण त्याच्याकडे येणारा आकडा तसाच असतो. भरवसा ठेवायचा तो शेवटच्या ग्राहकाच्या खरेदीवर.

याशिवाय तीन स्वस्त खुणा आहेत. तुमच्या धंद्यातल्या वापरलेल्या यंत्रांच्या जाहिराती वाढल्या आणि भाव पडले, म्हणजे लोक बाहेर पडत आहेत. कुशल कामगारांसाठीच्या जाहिराती वाढल्या, म्हणजे स्पर्धक विस्तारत आहेत आणि पगारही वाढणार. आणि स्पर्धकाच्या संकेतस्थळावरचे जुने दर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये अनेकदा सापडतात. त्याने दोन वर्षांत दर किती वेळा वाढवले, सवलती कधी सुरू केल्या, कोणत्या सेवा गुपचूप काढून टाकल्या, हे त्यातून कळते. दर वाढवून टिकलेला स्पर्धक म्हणजे मागणी पक्की असल्याचा चांगला पुरावा.

लाट आहे की टिकणारी मागणी?

नव्या धंद्यात पैसे घालणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पहिली खरेदी आणि पुन्हा होणारी खरेदी यांतला फरक न ओळखल्यामुळे हे घडते.

टिकाऊ वस्तूचे उदाहरण घ्या. तुमच्या टापूत १०,००० घरे आहेत आणि त्यांतली ४० टक्के, म्हणजे ४,००० घरे कधी ना कधी ती वस्तू घेतील. वस्तू आठ वर्षे टिकते. जोराच्या वर्षात १,००० घरांनी ती घेतली. मालक पुढच्या वर्षासाठी १,२०० ची तयारी करतो. पण सगळ्यांकडे वस्तू पोहोचली, की उरते ती बदलीची मागणी: ४,००० भागिले ८, वर्षाला ५००. मागणी मेलेली नाही, वस्तू वाईट नाही, तरीही विक्री अर्ध्यावर येते. मोठी गुंतवणूक बदलीच्या आकड्यावर करावी आणि शिखराचा फायदा भाड्याच्या जागेतून, हंगामी माणसांकडून घ्यावा. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे जे गट मांडले, त्यांत पहिले २.५ टक्के आणि पुढचे १३.५ टक्के हे उत्साही असतात. सुरुवातीला तेवढेच भेटतात. त्यांच्या उत्साहावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नये.

सेवा किंवा रोजच्या मालासाठी वेगळी चाचणी आहे. एका महिन्यात पहिल्यांदा आलेले १०० ग्राहक घ्या आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या महिन्यात त्यांतले किती परत आले ते मोजा. ४०, ३१, २९ असे उतरत जाऊन आकडा स्थिरावला, तर मागणीला बूड आहे. ४०, १८, ७ असे उतरले, तर ती लाट आहे आणि नव्या ग्राहकांचा ओघ थांबताच धंदा थांबेल. एकूण विक्री दोन्ही प्रसंगी पहिले काही महिने सारखीच चढती दिसते, म्हणून नुसत्या उलाढालीवरून हे कधीच कळत नाही.

शेवटी, तुमच्यासारखे दुकान दुसऱ्याला किती दिवसांत उघडता येईल? यंत्र आठवड्यात येत असेल आणि काम दहा दिवसांत शिकता येत असेल, तर आजचा चांगला नफा वर्षभरात वाटला जाईल असे धरूनच चला.

खुर्च्या मोजा

टापूतली मागणी आणि क्षमता यांचा हिशेब कागदावर करता येतो. केशकर्तनालय धरू. दहा मिनिटांच्या अंतरात १२,००० लोक राहतात, त्यांतले ६० टक्के अशी सेवा याच भागात घेतात आणि माणूस साधारण पाच आठवड्यांनी येतो, म्हणजे वर्षाला १०.४ वेळा. गुणाकार केला की ७४,८८० खेपा. एका खुर्चीवर दिवसाला दहा ग्राहक बसू शकतात, वर्षाचे ३०० दिवस, पण प्रत्यक्षात ७० टक्केच खुर्ची भरते, म्हणजे २,१०० खेपा. भागाकार केला तर या भागात साधारण ३५ ते ३६ खुर्च्यांना काम आहे. आता पायी फिरून खुर्च्या मोजा. २५ निघाल्या तर जागा आहे. ४२ निघाल्या तर नव्याला दुसऱ्याचे ग्राहक ओढूनच आणावे लागतील, आणि ते दर पाडूनच होते.

हीच रीत लॉन्ड्रीच्या यंत्रांना, व्यायामशाळेतल्या जागेला, शिकवणीच्या बाकांना लागू होते. सर्वांत डळमळीत आकडा असतो तो "याच भागात सेवा घेणाऱ्यांचा" टक्का. तो ६० वरून ४५ केला की गरज ३६ वरून २७ खुर्च्यांवर येते. म्हणून हा हिशेब नेहमी दोन टक्क्यांवर करावा: एक आशादायी, एक कंजूष. कंजूष हिशेबातही जागा उरत असेल तरच पुढे जावे.

हातात काय उरते

दोन व्यवसाय घ्या. दोघांची विक्री १००, दोघांचा नफा १०. पहिल्याचा माल व तत्सम बदलता खर्च ५० आणि भाडे, पगार, हप्ते असा स्थिर खर्च ४०. दुसऱ्याचा बदलता खर्च ७५ आणि स्थिर १५.

विक्री दहा टक्के घटली. पहिल्याकडे ९० वजा ४५ वजा ४० म्हणजे ५ उरतात, नफा अर्धा झाला. दुसऱ्याकडे ९० वजा ६७.५ वजा १५ म्हणजे ७.५. आता विक्री तीच ठेवून माल आठ टक्के महाग झाला असे धरा. पहिल्याचा खर्च ५४ होतो आणि ६ उरतात. दुसऱ्याचा ८१ होतो आणि ४ उरतात. बातमी एकच, परिणाम उलटा. व्यायामशाळा, शिकवणीवर्ग, लॉन्ड्री पहिल्या जातीचे. त्यांनी गर्दीवर लक्ष ठेवावे. किराणा, हार्डवेअर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने दुसऱ्या जातीची. त्यांनी घाऊक भावावर आणि भाव किती दिवसांत ग्राहकाकडे सरकवता येतो यावर. आपला धंदा कोणत्या जातीचा आहे हे कळल्याशिवाय बाजाराची कोणतीही बातमी वाचून उपयोग नाही, इतका हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

वाढीलाही पैसा लागतो. माल ४५ दिवस पडून राहतो, उधारी ४० दिवसांनी वसूल होते आणि पुरवठादाराला २५ दिवसांनी पैसे द्यायचे असतात, तर ४५ अधिक ४० वजा २५ म्हणजे ६० दिवसांचा खर्च कायम अडकलेला असतो. वर्षाच्या खर्चाच्या १६.४ टक्के. खर्च १०० वरून १३० झाला की अडकलेली रक्कम १६.४ वरून २१.४ होते. नफा १० असेल तर त्यातले ५ साठ्यात आणि उधारीत जातात. चांगल्या हंगामात पैशाची ओढाताण होते ती यामुळे. वाढीचा अंदाज बांधलात तर खेळत्या भांडवलाची सोय त्याच पानावर लिहा.

काही धंद्यांचा पुढचा रस्ता

वाहनदुरुस्तीच्या वर्कशॉपबद्दल बोलताना लोक नव्या विजेच्या गाड्यांची टक्केवारी पाहतात. पाहायला हवा तो रस्त्यावरचा ताफा. टापूत १,००० गाड्या आहेत आणि गाडी १५ वर्षे चालते, तर वर्षाला सुमारे ६७ गाड्या बदलतात. नव्या गाड्यांतल्या २० टक्के विजेच्या असल्या तर वर्षाला १३. पाच वर्षांनी १,००० मध्ये ६५. शिवाय नवी गाडी पहिली काही वर्षे कंपनीच्या वॉरंटीत असते, स्वतंत्र वर्कशॉपकडे येतच नाही. म्हणजे घाबरायचे कारण आज नाही, पण कोणते काम जाणार हे ठरलेले आहे: इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, सायलेन्सर. ब्रेक पॅड कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच ऊर्जा परत घेते. टायर, सस्पेन्शन, वातानुकूलन, काच, बॉडीवर्क ही कामे राहतात, आणि बॅटरीच्या वजनामुळे टायरचे काम वाढूही शकते. बिले या दोन गटांत विभागा. एकूण नफ्यात पहिल्या गटाचा वाटा ६० टक्क्यांवर असेल तर पुढची उपकरणे दुसऱ्या गटासाठी घ्यावीत आणि उच्च दाबाच्या विजेवर काम करण्याचे रीतसर प्रशिक्षण एका तरी कारागिराला द्यावे. प्रशिक्षणाशिवाय त्या केबलला हात लावणे जिवावर बेतते.

फोन आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीकडे कायद्याचे वारे वळते आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला, सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. तिथल्याच २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, काही अपवाद वगळता. उत्पादक अनेकदा मोठ्या बाजारपेठेसाठी बदललेला नमुनाच इतरत्रही विकतात. दुरुस्ती करणाऱ्यासाठी यात दोन्ही बाजू आहेत: सुटे भाग मिळणे सोपे होईल, पण बॅटरी बदलण्याचे सोपे काम ग्राहक घरी करू लागेल. ज्यांची कमाई मुख्यतः बॅटरी आणि स्क्रीन बदलण्यावर आहे, त्यांनी सर्किट बोर्डावरची दुरुस्ती आणि माहिती परत मिळवून देणे ही कामे शिकायला आत्ताच सुरुवात करावी.

केस कापणे, कपडे शिवणे, मालिश, काळजीवाहू सेवा यांचे गणित अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवलेल्या नियमावर चालते. यंत्रांमुळे इतर धंद्यांत माणशी उत्पादन वाढते आणि पगारही वाढतात. केस कापायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, पण कारागीर टिकवायचा तर पगार इतरांच्या बरोबरीने द्यावा लागतो. म्हणून या सेवांचे दर सर्वसाधारण महागाईपेक्षा थोडे जास्त वेगाने वाढणे हे स्वाभाविक आहे. तीन वर्षे दर न वाढवता एकदम मोठी वाढ केली की ग्राहक तुटतात. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात छोटी वाढ करावी.

शिकवणी, पाळणाघर, शालेय साहित्य यांचा अंदाज इतरांपेक्षा सोपा आहे, कारण दहा वर्षांनी जी मुले दहा वर्षांची असणार, ती या वर्षी जन्मत आहेत. जन्मनोंदणीचे आकडे पाहा आणि त्यात स्थलांतराची भर-वजावट करा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या लोकसंख्या अंदाजानुसार २०७० च्या दशकाच्या अखेरीस ६५ वर्षांवरच्यांची संख्या १८ वर्षांखालच्यांपेक्षा जास्त होईल. मुलांच्या धंद्यात एका मुलामागचा खर्च वाढतो आणि मुले घटतात. ज्येष्ठांच्या सेवांत ग्राहक वाढतात आणि अडचण असते ती प्रशिक्षित माणसे मिळण्याची.

भाषांतर, लेखन, आरेखन, हिशेबनोंद या टेबलावरच्या कामांत नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून दर पानाला, दर नोंदीला मिळणारा मोबदला दबावाखाली आहे. जे काम ग्राहकाला स्वतः तपासता येते, त्याचा दर पडतो. ज्या कामात चूक महागात पडते आणि कोणीतरी सही करून जबाबदारी घ्यावी लागते, तिथे दर टिकतो. दरपत्रकात कच्चे काम आणि तपासणी या दोन वेगळ्या ओळी करा; वर्षभरात कोणती ओळ घटते ते दिसेल.

अंदाज एका पानावर

एका पानावर तीन शक्यता लिहा: नेहमीची, वाईट, चांगली. प्रत्येकीत पुढच्या बारा महिन्यांचे नग, भाव, बदलता खर्च, स्थिर खर्च आणि शिल्लक रोकड. वाईट शक्यता म्हणजे दहा टक्क्यांची किरकोळ घट नव्हे; मागच्या तीन वर्षांतले सर्वांत वाईट सलग तीन महिने घ्या आणि ते सहा महिने चालले असे धरा. त्यात किती महिन्यांचा स्थिर खर्च हातातल्या रोकडीतून निघतो, ते मोजा. तीनपेक्षा कमी असेल, तर विस्ताराचा विचार तो खड्डा भरल्यानंतर.

प्रत्येक शक्यतेपुढे खूण, तारीख आणि कृती लिहा. "मागणी घटल्यास काळजी घेऊ" असे नाही. असे लिहा: "जूनअखेर तीन महिन्यांचा दर बारा महिन्यांच्या दराखाली सलग तिसऱ्यांदा राहिला आणि चौकशा १५ टक्क्यांनी घटल्या, तर दुसऱ्या यंत्राचा करार करायचा नाही आणि साठा ४५ दिवसांवरून ३० वर आणायचा." निर्णय आधी लिहिलेला असला की ऐन वेळी मन वळवण्याची गरज राहत नाही.

आपला अंदाज कामाचा आहे का, हे तपासण्यासाठी शेजारी एक साधा अंदाज ठेवा: मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा, जसाच्या तसा. दर महिन्याला दोन्ही अंदाज किती टक्के चुकले ते लिहा, वर-खाली न पाहता. वर्षअखेर तुमची सरासरी चूक ११ टक्के आणि साध्या अंदाजाची ८ टक्के निघाली, तर पद्धत सोपी करा. चूक नेहमी एकाच बाजूला होत असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण सापडते: भाववाढ वेगळी काढायची राहिली, किंवा एखादा मोठा ग्राहक सर्वसाधारण विक्रीत मिसळला गेला. विक्रीचा पाचवा हिस्सा एकाच ग्राहकाकडून येत असेल तर त्याची ओळ वेगळी लिहा. बाजार कसाही चालो, त्याने काम काढून घेतले तर तुमच्या पानावरचे बाकीचे सगळे आकडे त्या दिवशी बदलतात.